लहान गाडीच्या स्टेशनातलं खळं

बायजा,

उद्या खळ्याची पूजा. नारळ, हळदकुंकू, कापूर, नव्या भाताच्या लोंब्या, सगळं टोपलीत लावून ठेवलं आहे. तुझी सून चंद्रा दुपारी येऊन टोपली बघून गेली. जाताना दारात घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, समदं हाय, पन कुंकू लावायचं कुठं?"

मी म्हटलं, "उद्या बघू."

"उद्या बघू" हे मी फारसं कधी म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. माथेरानवर कुठल्या बंगल्यात किती तांदूळ आणि किती रॉकेल जायचं, हे मी आदल्या आठवड्यात लिहून काढते. दुकानातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. तू त्या चिठ्ठ्यांना हसायचीस. "मिठाच्या डब्यावर मीठ लिवलंय, कमळे. चव घेतली तर कळत नाय व्हय?" पण ज्या गोष्टीवर चिठ्ठी लावता येत नाही ती तू माझ्या गळ्यात घालून गेलीस.

झालं ते असं. लहान गाडीच्या फलाटावरचा कंदिलाचा खांब, ज्याला तू दर मार्गशीर्षात कुंकू लावायचीस, तो या पावसाळ्यात काढला. फलाट लांबवायचा होता. नवा खांब फाटकाकडे रोवला आहे. जुन्या जागी आता नुसती मातीची भर आहे, तिथून हमाल ओझी घेऊन जातात. उद्या सकाळी तुझ्या भावकीतली माणसं येतील, खळ्यावर ज्यांचं भात मळलं जायचं त्यांची मुलं येतील, आणि सगळे माझ्याकडे बघतील. खळ्याचा मधला खांब, तिवडा, कुठे होता ते बोट ठेवून सांगेल असं तुझ्यामागे गावात मीच उरले आहे, असं सगळे धरून चालले आहेत. मी सांगितलं तर पूजा चालू राहील. मी गप्प बसले, किंवा खरं सांगितलं, तर यंदापासून ती बंद पडेल.

मी काय करावं यावरचं आपलं भांडण अर्धवट राहिलं. म्हणून आज लिहायला बसले.

*

मी लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा मला पुरता पदरही सावरता येत नव्हता. पेणची आठवण आली की मी धान्याच्या कणगीमागे जाऊन रडायचे. तू एकदा मीठ न्यायला आलीस आणि मला तिथे बघितलंस. सासूबाईंना म्हणालीस, "काकी, हिला खळ्यावर नेते. लाकडागत उभी ऱ्हायली तर वाळवी लागंल." सासूबाई हसल्या, आणि हसल्या म्हणून मला जायला मिळालं.

तुमचं खळं आमच्या दारासमोरच होतं. शेणाने सारवलेलं, गोल, ताटासारखं. मधोमध तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो लाकडाचा खांब. आमच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की तो बरोबर नाकासमोर यायचा. सकाळी धुकं इतकं उतरायचं की बैल दिसायचे नाहीत, त्यांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी गोल गोल फिरत राहायची. माथेरानचा डोंगर नसायचा. बाजार नसायचा. बैल हाकणाऱ्या गड्याचा आवाज एकदा कानाजवळ, एकदा फार लांबून, जणू नदीपलीकडून. आपण दोघी बैलांमागून पेंढ्यावर चालायचो. पाय बुडायचे, उब लागायची, आणि मला चक्कर यायची.

"तिवड्याकडं बघ गं," तू म्हणायचीस. "त्यो फिरत नाय."

मी बघायचे. सगळं पांढरं जग फिरत असायचं आणि मध्ये तेवढा एक काळा खांब उभा. चक्कर थांबायची. पुढे घरात किती गडबडी झाल्या, त्या वेळी कशाकडे बघावं हे कळेना झालं की मला ते धुकं आठवतं. मग हात आपोआप कामाला लागतात. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू म्हणाली असतीस, "मंग आता रडतीस कशाला?"

*

लहान गाडी तेव्हा सुरू झालेली होती, पण तिचं स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड आणि बाकडं. पुढे डोंगरावर जाणारी माणसं वाढली. मोठा फलाट हवा झाला, रुळांची आणखी एक जोडी हवी झाली, आणि आखणी झाली त्यात तुमचं खळं आलं.

तुझे वडील, हिरूबाबा, यांनी जागेवरून कटकट केली नाही. रीतसर मोबदला मिळाला, त्यांनी अंगठा दिला. नदीकडच्या भातखाचराजवळ नवं खळंही सारवून घेतलं. त्यांची एकच अट होती आणि ती त्यांनी कुणाला लिहून दिली नव्हती, नुसती बाजारात उभं राहून सांगितली होती. "तिवडा उभा व्हता तिथनं चाक जायाचं नाय. गेलं, तर मी रुळावर आडवा पडंन. मंग माज्यावरनं न्या तुमची गाडी."

हिरूबाबा बोलून सोडून देणाऱ्यांतले नव्हते. पोलीसपाटील येऊन समजावून गेले. तुझी आई जेवेनाशी झाली. आणि मी रोज उंबऱ्यातून बघत होते, खडी पडत होती, लाकडाचे स्लीपर पडत होते, आणि माझ्या नाकासमोर, जिथे तिवडा होता तिथूनच, रुळांची जोडी सरळ निघून चालली होती.

हिरूबाबांना हे दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

नव्या रुळावरून गाडी सोडायच्या आदल्या संध्याकाळी तू त्यांचा हात धरून त्यांना फलाटावर आणलंस. बाजारातली पुष्कळ माणसं जमली होती. कुणी बोलत नव्हतं. ते थांबले आणि म्हणाले, "बायजे, तिवडा कुठं?"

तू जराही अडखळली नाहीस. त्यांचा हात उचललास आणि फलाटावरच्या नव्या कंदिलाच्या खांबावर ठेवलास. "हितं रं बा."

त्यांनी खांब चाचपला. "लोखंडाचा?"

"व्हय. सायबानं सोता उभा क्येला. म्हनला, खळ्याचा मान हाय."

"आनि वर काय?"

"दिवा हाय, बा. रोज सांच्याला लावनार."

तेवढ्यात दिवेवाला शिडी लावून चढला आणि त्याने तो लावला. हिरूबाबांनी मान वर केली. तो उजेड त्यांना दिसला. अंधुक, पसरलेला, दुधात हळद पडावी तसा दिसला असेल. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं हाय. चला घरी."

मी तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभी होते. तू जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस.

त्यानंतर हिरूबाबा असेपर्यंत रोज संध्याकाळी आपल्या ओटीवर स्टेशनाकडे तोंड करून बसायचे. कुणी विचारलं काय बघता, तर म्हणायचे, "खळ्यावर दिवा लागला का ते." आणि मार्गशीर्षात, नदीकडच्या खळ्यावर बैल जुंपायच्या आधी, त्या खांबाची पूजा व्हायची. एका वर्षात तो खांब तिवडा झाला. दोन-तीन वर्षांनी बाजारातल्या पोरांना तो कधी दुसरं काही होता हे सांगूनही पटलं नसतं.

*

पावसाळ्यात लहान गाडी बंद असते, आणि तेव्हा ते स्टेशन आपल्या बायकांचं व्हायचं. नागपंचमीला शेडच्या तुळईला झोके. श्रावणातल्या दुपारी फलाटावर फेर. मास्तर रजेवर, दिवेवाला घोंगडीत. डोंगर ढगात गेलेला, आणि शेडच्या बाहेर पाण्याची भिंत.

आपण दोघी उभ्या डब्यात जाऊन बसायचो. बाकांना शेवाळाचा वास. खिडकीच्या पलीकडे काहीच नसायचं, नुसतं पांढरं. तू गार्ड व्हायचीस.

"चला, कासी, रामेसर, द्वारका! कमळे, तू कुठं उतरनार?"

"पेणला."

"ही गाडी पेनला जात नाय."

"मग मी उतरते."

"बस गप. तुज्यासाठी वळवते." आणि तू तोंडाने वाफ सोडायचीस. मला खरंच वाटायचं की डबा हलला. तू खिडकीतून बघत एकेक गाव सांगायचीस, जी तू कधी बघितली नव्हतीस. "ही बघ मोठी नदी आली. त्या घाटावर बायका धुनं धुत्यात. त्यातली ती लाल लुगड्याची तुजी आई." मी रडायला लागले की म्हणायचीस, "आता बोगदा आला, आता कुनाला दिसत नाय, रड."

अशाच एका श्रावणात आपण डब्यातून उतरलो आणि रुळांत भात उगवलेलं बघितलं. खडीच्या फटींतून, हिरवंगार, कोवळं. कुठल्या मळणीचे दाणे त्या मातीत राहिले होते कोण जाणे. कंदिलाच्या खांबाभोवती एक काडी नव्हती. भात होतं ते रुळांच्या मध्ये, पसरट गोलात, बरोबर माझ्या दारासमोर.

तू बघितलंस. मी बघितलं. तुझा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं आता तू बोलशील. तू एवढंच म्हणालीस, "गाडी सुरू व्हायच्या आत काढाया पायजे." आणि आपण दोघींनी ते भर पावसात ओणवं होऊन उपटलं, आणि नेऊन तुमच्या खाचरात लावलं.

त्याबद्दल पुढे आपण एक अक्षर बोललो नाही.

*

पण भांडायला आपल्याला कमी नव्हतं. हिरूबाबा गेले तेव्हा मला वाटलं, आता ही हे बंद करील. ज्याच्यासाठी केलं तोच उरला नाही. पहिल्या मार्गशीर्षातच तू कुंकवाची डबी घेऊन दारात हजर.

"अगं, खांब आहे तो," मी म्हणायचे. "स्टेशनचा खांब. घरी ओटीवर मेढ रोव आणि तिची पूजा कर. ऊन नाही, गर्दी नाही, गाडीची वेळ सांभाळायला नको."

"तुज्या डब्यावानी? मेढीवर चिठ्ठी लावू, तिवडा म्हनून?"

"थट्टा नको. लोक हसतात."

"हसूं दे. हसत हसत परसाद खातात ना?"

एक वर्ष नवे मास्तर आले होते, देशावरचे, कडक. खांबाला कुंकू आणि खाली भाताचा ढीग बघून त्यांनी तुला बोलावून घेतलं. मी मध्ये पडायला म्हणून मागोमाग आले.

"बाई, हा खांब आहे की म्हसोबा?" ते म्हणाले.

"मास्तर, तुमी सांच्याला दिव्याला हात जोडता का नाय?"

"जोडतो. त्याचं काय?"

"मंग दिवा काय हवेत ऱ्हातो व्हय? त्याला ज्यानं उचलून धरलंय त्याला मी जोडते. तुमचे अर्धे, माजे अर्धे."

मास्तर माझ्याकडे वळले. "या नेहमी असंच बोलतात?"

"आज जरा कमी बोलल्या," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे हुकूम दिला, कुंकू पुसायचं, पण गाडी सुटल्यावर. पुढच्या वर्षी त्यांची बायको आपल्यात फेर धरायला आली, आणि त्यांनी खांबाला रंग देताना तुला विचारून दिला.

*

एक गोष्ट लिहायचं मी टाळत होते. युद्ध संपता संपता तापाची साथ आली, ते साल. हे मुंबईला माल आणायला गेलेले, तिथेच अडकले. घरात मी आणि माझा बाळ्या, दोन खोल्यांत दोघं पडलेले. बाजारातली दारं बंद. कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकत नव्हतं. तू टाकलंस. पेजेचं भांडं घेऊन रोज आलीस.

मला गिळवत नव्हतं, गिळायचंही नव्हतं. तू सांगितलंस, "बाळ्यानं वाटीभर पेज पिली. उठून बसलाय. आता तू पी, नायतर त्यो तुजी वाट बगंल." मी प्याले. मुलगा उठून बसला आहे म्हटल्यावर कुठली आई पिणार नाही?

पुष्कळ वर्षांनी बाळ्याने मला सांगितलं, तू त्याच्याकडे जाऊन म्हणायचीस, "आईनं पेज पिली. उठून बसलीया. आता तू पी." तेव्हा ना मी उठले होते ना तो.

मी तुझ्याकडे धावत आले होते, आठवतं? भांडायला. "तू खोटं बोललीस!"

तू भात निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "एकच पेज व्हती. दोगांना पुरवली."

*

या आषाढात तुझ्या छातीत पाणी झालं. तू पडवीत खाटेवर, आणि मी रोज दुपारी दुकान ह्यांच्यावर सोपवून तुझ्यापाशी. औषधाच्या वेळा मी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवल्या होत्या. चंद्रा त्या बघून घाबरायची. ढग पार खाली आले होते, पागोळ्यांच्या मागे काही दिसत नव्हतं, आणि तू मध्येच डोळे मिटून म्हणायचीस, "ह्ये कुठलं टेसन आलं गं?"

एका दुपारी मी तुला सांगून टाकलं की खांब काढला. मला वाटलं तुला धक्का बसेल. तू डोळे उघडलेस आणि हसलीस. खोकला येईस्तोवर हसलीस.

"परत हलला? लई फिरस्ता हाय."

मग म्हणालीस, "कमळे, तुज्या दारातनं नाकासमोर काय दिसतं?"

"रूळ."

"आनि कायम काय दिसत आलंय?"

"रूळच."

"मंग इतकी वर्सं बोलली का नाय?"

"तू का नाही बोललीस?"

तू पागोळ्यांकडे तोंड वळवलंस. पाणी पडत होतं. मग तुझा आवाज बदलला. "बाला फसवला मी, कमळे. आंधळ्या मानसाचा हात धरून भलतीकडं ठेवला. रोज सांच्याला त्यो तिकडं बगून हात जोडायचा, आनि मी मान फिरवून चूल फुंकायची. सांगीन, सांगीन करत त्यो मरून गेला. म्हनून म्या पूजा सोडली नाय. त्याला खोटं दिलं, तर निदान त्ये खोटं जितं ठेवावं."

मी तुझा हात धरला. मी म्हणायला हवं होतं की तू त्यांचा जीव वाचवलास. ते मी म्हटलं. तू मान हलवलीस, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

आणि मग एकदम पूर्वीसारखी डोळे मिचकावून म्हणालीस, "मी एकदा हलवला. आता तुजी पाळी. नवा खांब दाखव आनि म्हन, हितं."

"मला नाही जमायचं. मी खोटं बोट नाही दाखवणार."

"मिठाच्या डब्यावर साकर लिव एकदा. बग, काय व्हतं का."

"बायजा, नाही."

"बरं. उद्या भांडू."

असे पुष्कळ उद्या झाले, आणि दसऱ्याच्या आधी तू गेलीस. आता हे मिटवायला कुणी नाही. दिवा वाढवते. सकाळी लवकर उठायचं आहे.

*

हे कालचं. आज पुढे लिहिते, कारण हे लिहिलंच पाहिजे.

सकाळी धुकं होतं. फलाटावर आले तेव्हा माणसं दिसली नाहीत, आधी त्यांच्या बांगड्या आणि खोकले ऐकू आले. पहिली गाडी उभी होती, तिची वाफ धुक्यात मिसळून कुठली कुठली ते कळत नव्हतं. एकेक चेहरा जवळ आला की उमटायचा. तुझा मुलगा, चंद्रा, भावकी. आणि कडावहून बैलगाडीतून, घोंगडी पांघरून, तुकातात्या. तुमच्या खळ्यावर बैल हाकायचे ते. बरीच वर्षं लेकीकडे राहतात, तू गेलीस असं ऐकलं म्हणून आले. पार वाकले आहेत.

काही जण जुन्या जागेपाशी, मातीच्या भरावर उभे होते. काही नव्या खांबापाशी. तुझा चुलतभाऊ म्हणत होता, "खांबच नाय तर पूजा कशाची? यंदा घरीच करू, आनि पुढचं पुढं." हे मीच तुला किती वेळा सांगितलं होतं. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र मला ते पटेना.

चंद्रा टोपली घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, कुठं?"

मी मागे वळून माझ्या दाराकडे बघितलं. दार दिसत नव्हतं. फलाट, रूळ, बाजार, सगळं पांढरं होऊन हळूहळू सरकत होतं, आणि मला जुनी चक्कर आली. नव्या खांबाचा कंदील अजून विझवला नव्हता. तेवढाच दिसत होता. मी चालत गेले, खांबावर हात ठेवला आणि म्हटलं, "इथे."

तुझा चुलतभाऊ म्हणाला, "वैनी, गेल्या साली तर तिकडं..."

"गेल्या साली चुकलं," मी म्हटलं. "तिवडा इथे होता. माझ्या दारातून मी रोज बघत होते."

तो आणखी काही बोलणार, तोच तुकातात्या काठी टेकत पुढे आले. त्यांनी खांबाला हात लावला, पायाने जमीन चाचपली. "हितंच," ते म्हणाले. "म्या सोता बैल हाकलेत हितं. ह्याच्याच भवती. तुमी जलमलाबी नव्हता."

मग काय? चंद्राने कुंकू लावलं. लोंब्या ठेवल्या. नारळ फुटला. इंजिनवाला खाली उतरून खोबरं घेऊन गेला.

माणसं पांगली तेव्हा तात्या बाकड्यावर बसले होते. मी त्यांना खोबरं दिलं आणि शेजारी बसले. ते चघळत म्हणाले, "ब्येस क्येलंस, वैनी. हात कापला नाय तुजा. बायजाचा कापत व्हता."

"तात्या! तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला ठाव नसंल? बैल माज्या हातात व्हते. त्या टायमाला फलाटावर हुबं व्हते त्या समद्यांना ठाव व्हतं. कोन बोलला का?"

मी म्हटलं, "बिचारे हिरूबाबा. त्यांना एकट्याला कळलं नाही."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साधी बेरीज चुकवली.

"हिरूबाला?" ते म्हणाले. "अगं, चाळीस वर्सं त्यो त्या खळ्यावर चालला. डोळं गेलं व्हतं, पाय नव्हतं गेलं. फलाटावर चढला तवाच म्हायीत पडलं त्याला. त्याच रातीला मला म्हनला, तुका, पोरगीनं माज्यासाटी तिवडा उचलून बाजूला ठेवला. येवडीशी पोर. आता मी कशाला आडवा पडू?"

"मग तिला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं असतं तर ती रडली असती," तात्या म्हणाले. "आनि त्याला त्यो दिवा आवडायचा."

गाडी सुटली. मी दुकानात आले, टोपली जागेवर ठेवली, आणि काही न करता बसून राहिले.

बायजा, ते ओझं घेऊन तू इतकी वर्षं जगलीस, आणि ते घेऊनच गेलीस. तात्या तीन महिने आधी आले असते तर मी त्यांना हाताला धरून तुझ्या खाटेपाशी आणलं असतं. ते झालं नाही. म्हणून इथे लिहिते. तू वाचायला शिकली नाहीस, तेव्हा हे मी तुला मोठ्याने वाचूनही दाखवते आहे, दुकानात कुणी नाही.

तुझ्या बाला ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळपासून.